हळू आवाजातली शाळा

आमच्या निघोज्याच्या शाळेमागच्या चाळीत एक बाई राहते, नवरा आणि एका पोरीसोबत. लातूरकडची. नवऱ्याला कंपनीत कायम रात्रपाळी, म्हणून दिवसा तो त्या एकाच खोलीत झोपलेला. मी दिसले की ती ओठांवर बोट ठेवूनच बाहेर येई.

"पोरीला शाळेत पाठवा," मी दरवेळी सांगे.

"मागल्या शाळेत हासले तिच्या बोलण्याला. मीच शिकवायले, बाई."

हेही कुजबुजत. आत पोरगी परातीतल्या पिठावर अक्षरं गिरवायची, पुटपुटत वाचायची. एकदा मी चिडलेच, "जन्मभर हिला अशीच कुजबुजत ठेवणार का?" तिनं दार लावून घेतलं, तेही आवाज न करता.

सोमवारी ती पोरीला घेऊन वर्गाच्या दारात उभी. मी पुस्तक पुढे केलं. पोरीचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येईना.

"मोठ्यानं," मी म्हणाले. ती आणखीच हळू झाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

आईनं पोरीचं मनगट घट्ट धरलं. वाटलं, नेते आता परत. पण ती वर्गाकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली,

"वाच मोठ्यानं. इथं तुझा बाप झोपला नाही."