दुखऱ्या गुडघ्याची चिठ्ठी

माझा उजवा गुडघा पंधराव्या वर्षी कागदोपत्री निकामी झाला. प्रत्यक्षात मी त्याच गुडघ्यावर रोज शाळेची टेकडी चढत होते, तीही धावत, कारण मला उठायला कायम उशीर.

ही गोष्ट योकोहामातली, नव्वदच्या दशकातली. बाबा तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचे. पुण्याहून दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो आणि सहावं वर्ष लागलं होतं. तोपर्यंत मला जपानी व्यवस्थित यायला लागलं होतं आणि आईला भाजीवाल्यापुरतं. टेकडीवरची ती शाळा सरकारी, पण तिच्यात परदेशी भाषांचा एक खास वर्ग होता. त्या एका वर्गासाठी अख्ख्या शहरातून मुलं परीक्षा द्यायची. माझा नंबर लागला तेव्हा बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. आईने घरी केलेले, दूध पावडरचे.

शाळा जुनी. आधी मुलींची होती, मग युद्धात जळली, मग सिमेंटची झाली आणि मुलगेही आले. जुन्यातला एक लाकडी व्हरांडा तेवढा वाचला होता. कित्येक वर्षं मुलींनी आणि मग मुलामुलींनी पुसून पुसून त्याची लाकडं अशी गुळगुळीत केली होती की मोजे घालून चाललं तर घसरायला व्हायचं. तिथे शिपाई नावाचा प्रकारच नव्हता. तास संपले की डोक्याला फडकं बांधायचं आणि वर्ग, जिने, संडास, सगळं आपणच धुवायचं-पुसायचं. आणि शाळेच्या वर्धापनदिनी पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाने घरी शिवलेलं फडकं, झोकिन म्हणतात त्याला, दोन्ही हातांखाली धरून तो व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत पुसायचा. सहा-सहाच्या ओळीने, ढुंगणं वर. वरच्या वर्गातली मुलं दोन्ही बाजूंना उभी राहून ओरडायची. ते झालं की तुम्ही शाळेचे. तोपर्यंत नुसते नवीन.

मी हे पहिल्याच आठवड्यात घरी रंगवून सांगितलं. संडासाचा भाग जरा जास्तच रंगवला. आईचा चेहरा उतरला, पण मी गाढव, मला त्याचा अर्थ कळलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दप्तरात एक पाकीट ठेवलं. "सरांना दे." मी दिलं. आत पुण्याच्या शाळेत देतात तसा इंग्रजीत अर्ज होता. सविनय वगैरे. माझ्या मुलीचा गुडघा दुखतो, तरी तिला साफसफाईतून सूट मिळावी.

आता पुण्यात अशा चिठ्ठीचं आयुष्य तीन दिवस. चौथ्या दिवशी बाईच म्हणतात, पुरे झाली नाटकं. इथे आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे वर्गशिक्षकांनी, इंग्रजीच्या बाईंकडून तिचं भाषांतर करून घेतलं, शिक्का मारला आणि फायलीत लावलं. वर्गाला सांगितलं. झालं! माझ्या खुर्चीवर उशी आली. जिन्यात दोघी माझं दप्तर धरायला लागल्या. खेळांच्या दिवशी मला तंबूत बसवून वेळ मोजायला दिली. सफाईच्या वेळी सगळे घामाघूम आणि मी फळ्यासमोर डस्टर घेऊन पाहुणीसारखी उभी. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा.

वर्धापनदिनाची यादी लागली. सहा-सहाच्या ओळी. माझं नाव सगळ्यात खाली, एकटं: बादली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन दप्तर आपटलं. "आई, तू सरांना खरं सांग."

"मी खोटं बोलले म्हणून सांगू? त्या देवमाणसाला?"

"मग बोललीसच कशाला?"

"शाळेत तुला शिकायला पाठवते, फरशा पुसायला नाही," म्हणाली आणि कुकरकडे वळली. पुढचे आठ दिवस आम्ही दोघी बाबांमार्फत बोललो. बाबा बिचारे ऑफिसात जास्त वेळ थांबायला लागले.

नशिबाने त्याच आठवड्यात पालकभेट होती. शिक्षक, पालक आणि मुलगी, तिघं समोरासमोर, दोन बाकं जोडून. भाषांतराला अर्थात मीच. आई चांगली साडी नेसून, शाळेच्या पाहुण्यांच्या सपाता घालून बसली.

सेन्सेईंनी पहिलंच विचारलं, गुडघा कसा आहे?

"सांग, बरा झाला म्हणावं. आमच्या लसूण-ओव्याच्या तेलाने." आईने वाट शोधून ठेवली होती तर! मी सांगितलं. मला काय, व्हरांड्याशी मतलब.

सेन्सेईंचा चेहरा इतका खुलला की मलाच कसंतरी झालं. त्यांनी वही काढली. त्यांच्या आईचे गुडघे फार दुखतात, तिला आता खाली बसताच येत नाही, तर त्या तेलाची कृती मिळेल का?

मी आईला सांगितलं. ती बाकावरची रेघ बोटाने पुसत बसली. मग म्हणाली, "त्यांना सांग, गुडघा दुखतच नव्हता."

"आई?"

"सांग म्हणते ना! आणि हेही सांग, मी काकूकडे राहून शिकले. सकाळी उठून त्यांचं सगळं घर पुसायचं, मग शाळा. काकूची मुलं पाट मांडून जेवत बसलेली असायची, आणि मी त्यांच्या पाटांभोवतून पुसायची. पाय उचल रे, असं म्हणायचीसुद्धा चोरी. रोज शाळेत उशीर, रोज वर्गाबाहेर उभी. तेव्हा ठरवलं होतं, माझ्या मुलीच्या हातात फडकं देणार नाही."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता मलाच ते जपानीत सांगायचं होतं. वर्गाबाहेर उभी, इथपर्यंत आले आणि थांबले. उरलेलं सांगितलंच नाही. सेन्सेईंना बहुतेक कळलं. त्यांनी फायलीतून ती चिठ्ठी काढली, आईला दोन्ही हातांनी परत दिली आणि मला म्हणाले, सोमवारी झोकिन आण.

मग जरा चाचरत विचारलं, "पण त्या तेलाने गुण येतो का?"

"येतो हो," आई म्हणाली. "तेवढं खरं आहे."

आईने तिची निळी सुती साडी फाडली, चार पदर घातले आणि गोधडीला घालतात तसे बारीक टाके घालून झोकिन शिवलं. एका कडेला काठ राहिला होता. वर्गातल्या मुली म्हणाल्या, याने पुसायचं? मी म्हटलं, यानेच.

मी पुसलं. सहाजणींच्या ओळीत, ढुंगण वर करून, ओरडत. पोचलेसुद्धा तिसरी. फक्त थांबायचं कसं ते कोणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे पलीकडच्या दारावर जाऊन धाडकन आपटले. उजवा गुडघा. चांगला टम्म सुजला.

संध्याकाळी आई तेल कोमट करून आली. "आता लिहू का चिठ्ठी?"

"खबरदार!"

ती हसली. चोळत राहिली. वर न बघताच तिने विचारलं, "सगळी मुलं पुसत होती?"

"सगळी."

"मास्तर?"

"आमच्या मागून सेन्सेईपण. मुख्याध्यापकपण, धोतर खोचल्यासारखी पॅंट वर करून."

"बसलेलं कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाही, आई."

"बरं," ती म्हणाली, आणि माझा पाय आणखी थोडा वेळ मांडीवर तसाच धरून बसली.