तारेचं टोक

सोल्डरचा धूर नाकात गेला की पुराची ती सकाळ आठवते. संग्रामपूरकडचं आमचं गाव पाण्यानं तोडलेलं, मोबाइल बंद, आत वहिनी बाळंतवेणांनी ओरडत होती आणि माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या, अँटेनाची तार धरणारा बांबू मोडलेला. “बाबा, तारेचं टोक हातात उंच धरा, टोकाले करंट नसते,” असं सांगून मी चिखलीच्या रेडिओवाल्याला नावेसाठी हाका मारत सुटलो. करंट शून्य असतो तिथंच व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आणि तेच हात भाजतं, हे मला बाबांच्या करपलेल्या कातडीच्या वासानं आठवलं. “सोडा ना बाबा!” “आधी त्याले हाव म्हणू दे!” तो “हाव, धाडतो नाव” म्हणाला. नात आता बाबांची बोटं धरून शाळेत जाते. त्या बोटांना तिचा हात कळत नाही.