पुढची डावी सीट

"गाडी पोरगी चालवती व्हय? मग मऊच घाला की. कडक कशाला पायजेत तिला?"

बोलणारा माणूस गॅरेजातला नव्हता. त्याची पिकअप आत दुरुस्तीला लागली होती आणि तो बाहेरच्या बाकावर चहा पीत बसला होता. सांगत होता मिस्त्रींना, पण आवाज असा, की शेजारच्या लेथवाल्यालाही ऐकू जावं. मी आमच्या गाडीच्या बॉनेटपाशी उभी होते. ऐकलंच नाही असं दाखवून मोबाइलकडे बघत राहिले. स्क्रीन बंद होता.

मिस्त्री हसले. पप्पा हसले नाहीत. त्यांनी गाडीच्या छपरावर हात ठेवला होता, बसलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप गेले होते. खड्ड्यातून गेलं की खालून ठकठक आवाज यायचा, ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायची, आणि उजव्या चाकाच्या आत तेलाचा ओघळ दिसत होता. साध्या गाडीचं असं झालं असतं तर नवे शॉकअप घालून तासाभरात मोकळं होता आलं असतं. आमच्या गाडीत साधे नव्हते. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा पप्पांनी कुठल्यातरी शर्यतीच्या गाडीतून उतरवलेले कडक शॉकअप आणि आखूड स्प्रिंगा मिळवून बसवल्या होत्या. गाडी छोटी, चारचौघांसारखी, पण रस्त्याला पोट लावून उभी राहायची. शिरोलीच्या फाउंड्रीत मशीन चालवणाऱ्या माणसाला एवढा एकच नाद होता. मम्मी म्हणायची, निदान दारू-तंबाखूचा तरी नाही.

"दोन्ही होतंय," मिस्त्री म्हणाले. "हेच लेथवर उघडून, नवं सील, नवं ऑइल घालून भरून देतो. न्हायतर कंपनीचे साधे घालूया. पण खरं सांगू? असलं पीस आता मिळत न्हाय. टाकून द्यायचं म्हंजे पाप हाय."

हे शॉकअप उघडायचे नसतात, संपले की फेकायचे असतात, असं मी आदल्या दिवशी इंग्रजीतून वाचलं होतं. गॅरेज होतं त्या उद्यमनगरात हे कुणाला मान्य नाही. इथे बंद करून आलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी कापून, उघडून, आतून बघून पुन्हा वेल्डिंग मारलेली असते. मी आकृत्यांसकट बरंच वाचून आले होते. बोलायची वेळ आली तर असू दे म्हणून. माझी तयारी नेहमी चांगली असते. फक्त बोलायची वेळ येते तेव्हा माझ्याआधी कुणीतरी बोलून मोकळं झालेलं असतं.

"तिला इचारा," पप्पा म्हणाले. "गाडी आता तिची हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाकावरच्या माणसानेही कप खाली घेऊन बघितलं.

मला कडक हवे होते. दोन मिनिटांपूर्वी कदाचित मला नक्की सांगता आलं नसतं, पण "मऊच घाला की" ऐकल्यावर मला कडकच हवे होते. तरी मी नुसती मान हलवली. ती मान कशासाठी हलली हे मलाही सांगता आलं नसतं.

"भरूनच घ्या," पप्पा म्हणाले. "तिला तसंच आवडतंय."

ते खरं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मराठी बोललं की बाई टोकायच्या, घरी इंग्रजी शब्द तोंडात आला की चुलत भावंडं आठवडाभर चिडवायची. दोन्हीकडून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे कमी बोलणं. तो मी लवकर शोधला आणि मग सोडला नाही. पण रविवारी सकाळी पप्पा मला पुढच्या डाव्या सीटवर बसवून पन्हाळ्याच्या वळणांवर न्यायचे. वळण आलं की म्हणायचे, "बघ, झुकते का? जरा तरी झुकते का?" गाडी झुकायची नाही. दगडासारखी ताठ वळायची, आणि रस्त्यातला प्रत्येक बारीक खडा पाठीच्या मणक्यातून वर यायचा. डॅशबोर्डवर चिकटवलेली बुद्धाची लहानशी मूर्ती घाटभर थरथरत असायची. त्या गाडीत मी बोलायचे. ते रस्त्याकडे बघत असत, मीही रस्त्याकडे बघत असे, आणि कुणी तोंडाकडे बघत नसलं की मला सगळं सांगता यायचं. शाळेतलं, मैत्रिणींचं, कुणी काय म्हटलं आणि मी त्यावर काय म्हणायला हवं होतं. पप्पा फक्त "मग?" म्हणायचे.

मागच्या वर्षी पप्पांच्या कमरेतली गादी सरकली. बरेच दिवस झोपून काढल्यावर ते उठले, पण मशीनवर उभं राहणं सुटलं. कंपनीने त्यांना टूलरूममध्ये खुर्ची दिली. त्यांनी मला गाडीची चावी दिली. "आता तूच चालव," म्हणाले, आणि मी शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसला गाडीने जाऊ लागले.

मला वाटलं होतं, आता ते डाव्या सीटवर बसतील आणि मी चालवीन. तसं झालं नाही. पहिले काही दिवस ते बसले. मग हळूहळू कारणं सुरू झाली. बाजारात जायचं तर चालत जातो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मित्राकडे जायचं तर रिक्षाने जातो, तू कुठे उगीच येतेस. जयसिंगपूरला आत्याकडे तर ते एसटीनेच जायचे. मी म्हटलं, मी सोडते, सुट्टीच आहे माझी. "एसटीत चार माणसं बोलायला भेटतात," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या चालवण्यावर त्यांचा विश्वास नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ज्याने गाडी चालवायला शिकवली त्यालाच शेजारी बसायला नको वाटतं, हे कुणाला सांगायचं? मी आणखी सांभाळून चालवू लागले. रिकाम्या सीटशेजारी बसून खड्डे चुकवायचे, वळणावर वेग कमी करायचा. बघायला कुणी नव्हतं. अधूनमधून ते बसले तर मी एवढी ताठ होऊन चालवायचे की उतरल्यावर माझेच खांदे दुखायचे. आणि आमचं बोलणं बंद झालं होतं. भांडण नव्हतं. जिथे बोलायचो ती जागाच उरली नव्हती, एवढंच.

"खोलायच्या आधी एकदा चालवून बघू," मिस्त्री म्हणाले. "आवाज कुठनं येतोय ते मला कळू दे. आनि कोन कुठं बसतंय तसंच बसा. माणसांनी जागा बदलली की गाडी बी वेगळं बोलती." ही त्यांची पद्धत होती. एकट्याने चाचणी घेणं त्यांना पटत नसे.

मी चालवायला बसले. मिस्त्री मागे बसले, दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून, कान जमिनीकडे करून. पप्पा थोडा वेळ दारापाशी उभे राहिले. मग आधी बसले, मग दोन्ही पाय हातांनी धरून आत घेतले.

"चला ताई. सावकाश. आनि ब्रेकर चुकवायचा न्हाय हां, सगळे घ्यायचे."

गल्लीच्या तोंडाशी पहिला ब्रेकर होता. पुढची चाकं त्यावर चढायच्या जरा आधी पप्पांचा डावा हात वर गेला. दारावरचं हँडल त्यांनी धरलं आणि अंग सीटवरून किंचित उचलून घेतलं. गाडी आदळली, ठक झालं, मग त्यांनी स्वतःला पुन्हा खाली सोडलं. चेहरा जसाच्या तसा. "उजवीकडनं येतोय बघा," ते मागे न वळता मिस्त्रींना म्हणाले.

पुढच्या ब्रेकरलाही हात आधीच वर. बुजवलेल्या चरीवरही. मी मुद्दाम एक साधा खड्डा घेतला. ते त्याच्याही आधी उचलले गेले होते. म्हणजे ते रस्ता माझ्याइतकाच बारीक बघत होते.

ते हँडल ढिलं झालं होतं. मागे दोनदा मला ते लोंबताना दिसलं आणि मी घरचा स्क्रू ड्रायव्हर आणून पिळून बसवलं होतं. जुनी गाडी, काहीतरी ढिलं व्हायचंच, असं वाटलं होतं. त्या सीटवर पप्पांशिवाय कुणी बसत नव्हतं.

"हे तर आता झिजून मऊ झालेत," मिस्त्री मागून खुशीत म्हणाले. "भरल्यावर बघा. दगडागत व्हतील. नव्यासारखे!"

"चांगलंय की," पप्पा म्हणाले.

मी गिअर बदलला. मूर्ती थरथरत होती. मला एकदम त्या एसटीचा विचार आला, जिच्या खिडक्या वाजतात, जिच्यात उभं राहायला लागतं. पण तिच्या मोठ्या चाकांवर त्यांच्या कमरेला आमच्या गाडीपेक्षा बरं वाटत असणार. आणि मी इतके दिवस माझ्या क्लचकडे आणि माझ्या वळणांकडे बघत बसले होते.

पण मग सांगितलं का नाही? मी स्वतःलाच विचारलं आणि उत्तरही मला माहीत होतं. त्यांना वाटत होतं मला ही ताठ गाडी आवडते. मला ती आवडत होती, कारण ती त्यांची होती.

गॅरेजात परत आल्यावर मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. चाकं निघाली, बोल्टांवर तेल मारलं गेलं, आणि काळे, चिखल बसलेले शॉकअप स्प्रिंगांसकट खाली आले. बाकावरचा माणूस अजून तिथेच होता. त्याची पिकअप काही होत नव्हती आणि त्याला करमणूक हवी होती. "काय ठरलं मग?" त्याने विचारलं. "कडकच," मिस्त्री म्हणाले. तो ओरडला, "आरारारा! शर्यतीत उतरवताय काय पोरीला?"

स्प्रिंग दाबून धरायचा कंप्रेसर लावून मिस्त्रींनी स्प्रिंगा वेगळ्या केल्या. शॉकअप पलीकडच्या गल्लीतल्या मोठ्या लेथवर न्यायला त्यांना एखादं पोतं हवं होतं. "डिकीत असंल की," म्हणत त्यांनी डिकी उघडली. आत पोतं होतं, पण रिकामं नव्हतं. त्यांनी तोंड सोडून बघितलं.

"आता ह्या कशाला आनल्या?"

पोत्यात स्प्रिंगा होत्या. उंच, मूळच्या, गाडीबरोबर आलेल्या; साधे शॉकअप घालायचे तर ह्याच लागतात. पप्पांनी त्या इतकी वर्षं माळ्यावर ग्रीस लावून, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या होत्या. माळ्यावर चढायला त्यांना मनाई होती. कुणाला तरी सांगून काढून घेतल्या असणार, मी घरी नसताना.

"असू देत म्हटलं," पप्पा म्हणाले. ते पिकअपकडे बघत होते. "लागल्या तर."

"कशाला लागतील? भरायचंच ठरलंय न्हवं?" मिस्त्रींनी स्प्रिंगा काढून भिंतीशी ठेवल्या, रिकाम्या पोत्यात शॉकअप घातले आणि ते स्कूटरच्या पुढच्या जागेत उभं केलं. लेथवर गेले की पहिलं काम म्हणजे वरची कड कापणार. मग साध्यांचा विषय संपला.

त्यांनी स्कूटरला किक मारली. ती पहिल्या किकला चालू झाली नाही.

बाकावरचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी आता जे म्हणणार होते ते त्याने सकाळीच म्हणून ठेवलं होतं. तो हसणार, हे मला दिसत होतं. दुपारपर्यंत ही गोष्ट तो आणखी दोघांना सांगणार, हेही. मिस्त्रींनी दुसरी किक मारली.

"थांबा," मी म्हटलं.

आवाज फार मोठा निघाला. लेथ चालू होता म्हणून मी मोठ्याने बोलले आणि नेमका तेव्हाच लेथ थांबला.

"साधे घाला. मऊ."

"बघा!" बाकावरच्या माणसाने मांडीवर थाप मारली. "मी काय म्हटलं हुतं? सकाळधरनं सांगतोय!"

मिस्त्री स्कूटरवर बसूनच माझ्याकडे बघत राहिले. खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं त्यांना. "ताई, असलं पीस..." म्हणाले आणि पप्पांकडे वळले.

"अगं, तुला कडक आवडतात न्हवं?" पप्पा म्हणाले. "माझ्यासाठी काय करू नको हां. मी कुठं बसतोय आता गाडीत? मला एसटी हाय."

त्यांचा डावा हात कमरेवर होता. बाकावरचा माणूस हसायचा थांबला होता आणि सगळे पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पप्पांकडे बघितलं नाही. चाकं नसलेल्या गाडीच्या समोरच्या काचेकडे बघत, रविवारी घाटात बोलायचे तसं, म्हटलं:

"रविवारी आत्याकडं जायचंय. मी चालवणार, तुम्ही पुढं बसायचं. एसटी न्हाय."