गोजरबाईचा खांदा

गोजरबाई मूळची वैरागची. लग्न करून सोलापुरात आली आणि होटगी रस्त्याकडच्या गल्लीत कडक भाकरीच्या धंद्यात पडली. पीठ आणायचं आणि भाकरी हॉटेलांत पोचवायच्या, हे नवऱ्याचं, रावजीचं काम. मधलं सगळं तिचं. मळायचं, थापायचं, भाजायचं, परत भाकरी खडखडीत होईपर्यंत शेकायची. पीठ मळून मळून उजवा खांदा आधी नुसता कुरकुरायचा. पुढं पुढं रात्री कुशीवर वळलं तरी कुणीतरी आत सळई फिरवतंय असं वाटायला लागलं.

डॉक्टरांनी फोटो काढला. फोटोत काही निघालं नाही. रावजीला तेवढंच पुरलं.

"फोटोत काय न्हाय," तो येईल-जाईल त्याला सांगायचा. "हिच्या डोस्क्यात हाय."

"डोस्क्यानं थापती व्हय मी भाकरी?"

"बघा, तोंडाला काय दुखणं न्हाय."

शेवटी सरकारी दवाखान्यातून तिला रेश्माकडं धाडलं. जुनाट दुखण्याच्या माणसांना बसवून माइंडफुलनेस शिकवणारी ही पोरगी. सतरंजीवर सहा-सात बाया, कुणाची कंबर, कुणाचे गुडघे. रेश्मा म्हणाली, "डोळे मिटा. श्वासाकडं लक्ष द्या. आता हळूच, जिथं दुखतंय तिथं लक्ष न्या."

"तितंच तर असतंय की लक्ष!" गोजरबाई भडकली. "दुसरं कुटं जातंय? इतकी वरसं तेच बघतीया!"

बाया फसकन हसल्या. रेश्माही हसली. "बघत नाही मावशी, भांडताय त्याच्याशी. आत्तासुद्धा दात आवळलेत तुम्ही. मान बघा कशी ताठ केलीय."

"म्हंजी तू बी तेच म्हणतीयास. डोस्क्यातलं."

"नाही. दुखणं खरं आहे. फोटोत दिसलं नाही म्हणून खोटं होत नाही. ते सगळं जाईल असं मी सांगणार नाही. पण त्याच्यावर तुम्ही जे आणखी आवळून घेता ना, ते सोडता येतं."

खरं आहे. हे दोन शब्द गोजरबाईला आजवर कुणी म्हटले नव्हते. श्वासबिस राहू दे, त्या दोन शब्दांसाठी ती पुन्हा गेली. मग घरीही बसायला लागली. दुपारी भाकरींची एक खेप उतरली की भिंतीला टेकून, डोळे मिटून. खांदा दुखायचाच. पण सळई कधी फिरायला लागते हे तिला आधीच कळायला लागलं, आणि कळलं की ती हात थांबवायची. आवळलेले दात सोडायची. कधी कधी रात्री झोप लागायची.

रावजीचं एकच. "नाटकं. बसून बरं वाटतंय म्हंजी दुखत नव्हतंच की!"

आणि मग तो शुक्रवार.

त्या दिवशी तिनं डोक्यावरून अंघोळ केली होती. ओले केस पाठीवर मोकळे. खांद्यानं सकाळपासून जीव खाल्ला होता. मळलेलं पीठ तसंच काटवटीत ठेवून ती भिंतीला टेकली. लांब श्वास, फूऽऽ करून बाहेर. दुखण्याकडं बघता बघता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अंग थोडं डोलायला लागलं. ते तिनं तसंच होऊ दिलं.

शेजारची मल्लव्वा पीठ मागायला आली ती दारातच थिजली. "अय्यो! आई आली की गं!"

देवीचा वार, मोकळे केस, मिटलेले डोळे. मल्लव्वाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. क्षणात हळदीकुंकू आलं, लिंबू आलं, चार बाया आल्या. गोजरबाईच्या कपाळावर कुंकवाचा मळवट बसला. एक जण पोराच्या लग्नाचं विचारायला लागली. तेवढ्यात रावजी आला. गर्दी बघितली, टोपी काढली आणि सरळ जमिनीला कपाळ लावलं.

"आई, काय चुकलं आमचं? काय पायजे तुला?"

"आईचं झाड हाय ही आता, आई अंगात येती हिच्या," मल्लव्वा त्याला दटावत होती. "शुक्रवारी चुलीला हात लावू द्यायचा न्हाय हिला. हलकं काम द्यायचं."

"न्हाय लावू देत! आईची आण!"

गोजरबाई डोळे मिटून सगळं ऐकत होती. गप्प राहिलं की झालं. विसावा मिळणार, वर मान मिळणार, चहा हातात येणार. राग आला की त्याच्याकडंही नुसतं बघा, असं रेश्मा सांगायची. तिनं बघितलं. राग पोटातून उठला, छातीत आला, गळ्याशी आला. तिनं त्याला वाट करून दिली.

"उचला ते लिंबू! कुणी आई न्हाय आली. मी हाय. गोजरबाई. खांदा दुखतोय म्हनून बसलीया!"

बाया मागं सरकल्या. रावजीनं कपाळ वर केलं. "म्हंजी... देवी न्हाय?"

"न्हाय."

तो उठला. गुडघे झटकले. टोपी घातली. "मग उट की. हॉटेलवाला वाट बघतोय."

"ऐकलासा का गं?" ती बायांकडं वळली. "आत्ता कपाळ टेकत हुता! देवीला हलकं काम. मी मागितलं तर नाटक! खांदा त्योच हाय की, मगाशी कुनाचा हुता?"

"देवीला नाकारू नये बाई," मल्लव्वा पुटपुटली. हळदीकुंकवाचं ताट उचलून निघाली. तिच्या मागं बाकीच्याही गेल्या.

"पीठ मळून पडलंय," रावजी म्हणाला.

"पडू द्या."

"लग्नाची ऑर्डर हाय त्याची."

"असू द्या. तुमाला हात हायत. थापा, न्हायतर त्याला सांगा."

रावजीनं काटवटीकडं बघितलं, स्वतःच्या हातांकडं बघितलं. ती भिंतीला टेकून होती, मळवट घामानं नाकावर उतरलेला, आणि उठायचं काही चिन्ह नव्हतं. शेवटी त्यानं फोन लावला. दाराकडं तोंड करून, आवाज खाली घेऊन.

"मालक, आज भाकरी कमी येतील... न्हाय, पीठ हाय... आमच्या मंडळींचा जरा खांदा..."

"ऐकू न्हाय गेलं त्याला," गोजरबाई मागून म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

"दुखतोय."

"जरा न्हाय. लई."

"लई दुखतोय वो, मालक!" रावजी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.