बारा वर्षं फेकणारा माणूस

कुठलंही काम करायच्या आधी तो उजवा खांदा तीनदा गोल फिरवायचा. बटाटा सोलायचा असो नाहीतर आमच्या दाराची बेल वाजवायची असो. मी हसलो की गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "थंड खांदा धोक्याचा."

जपानमधला व्यावसायिक बेसबॉलपटू, त्यातून पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जर्मनीतल्या वाल्डॉर्फजवळच्या आमच्या खेड्यात काय करत होता, असं तुम्ही विचाराल. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तिकडच्या संघाने त्याला निरोप दिला. इकडच्या हौशी क्लबने खोली देऊन बोलावून घेतलं. मैदान श्पार्गेलच्या, म्हणजे शतावरीच्या भाजीच्या, शेताला खेटून होतं, त्यामुळे लांब गेलेला चेंडू आणायला गेलं की शेतकऱ्याची बोलणी खावी लागत. माझे गुडघे गेलेले, पण क्रिकेटचा किडा काही गप्प बसेना. म्हणून मी तिथे स्कोअर लिहायला जायचो.

पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मोडक्या जर्मनमध्ये त्याने सांगितलं, की तो बारा वर्षं जपानच्या मोठ्या लीगमध्ये होता. आमटी वाढता वाढता बायको मला म्हणाली, "फेकतोय." त्याने लगेच अर्थ विचारला. माझी तारांबळ उडाली. फेकतोय म्हणजे चेंडू टाकतोय, असं मी सांगून टाकलं. तसं ते खोटंही नव्हतं.

शब्द त्याला भलताच आवडला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्याने हात जोडून सगळ्यांना स्वतःची ओळख करून दिली, "नमस्कार. मी बारा वर्षं फेकत होतो." हॉलभर हशा पिकला. अध्यक्षांनी त्याला तिथल्या तिथे कमिटीवर घ्यायची तयारी दाखवली.

घरी आल्यावर मी गुपचूप इंटरनेटवर शोधलं. सगळं खरं निघालं आणि मला माझीच लाज वाटली. फक्त या बारा वर्षांत एकही सामना त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत टाकला नव्हता. दुसरा दमला की याला बोलवायचे, दोन-तीन फलंदाज झाले की पुन्हा बसवायचे. हे सांगताना तो हसत नसे. एकदा तरी अख्खा सामना, म्हणजे पूर्ण नऊ डाव टाकायचे आणि मग खेळ सोडायचा, एवढंच त्याला हवं होतं.

मोसमाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. आमचा जर्मन प्रशिक्षक शिस्तीचा. ऑपरेशन झालेल्या खांद्याला शंभर चेंडू, त्यावर एकही नाही, असं त्याने बजावलं होतं. चेंडू मोजायचं यंत्र होतं माझ्या हातात. सातव्या डावापर्यंत मी इमानदारीने बटण दाबलं. पुढे माझा अंगठा जरा आळसावला.

आठवा डाव संपल्यावर प्रशिक्षकाने आकडा विचारला.

"चौऱ्याण्णव," मी म्हणालो.

"गेनाऊ?" अगदी नक्की ना, असं त्याने विचारलं.

"गेनाऊ."

नवव्या डावात ते यंत्र पाचच वेळा वाजलं.

सामना आम्ही हरलो. पण आमच्या बाजूचा एकूण एक चेंडू त्याने टाकला होता. तो घामाने निथळत माझ्याशेजारी येऊन बसला आणि माझ्या हातातलं यंत्र बघून म्हणाला, "एकशे एकतीस. मी मोजत होतो." मी मान खाली घातली. मग त्याने स्वच्छ मराठीत विचारलं, "तू पण फेकतोस ना?"

म्हणजे अर्थ त्याला माहीत होता. कधीपासून, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा उजवा हात छातीच्या वर जाईना. त्या पापात माझा वाटा होता आणि त्याचा मला आजही त्रास होतो. त्याला मात्र झाला नाही. पंधरा दिवसांनी मी त्याला फ्रँकफर्टच्या विमानतळावर सोडायला गेलो. डाव्या हाताने बॅग पट्ट्यावर चढवताना त्याची धडपड झाली, तेव्हा काउंटरवरच्या बाईने काळजीने विचारलं, हाताला काय झालं? तो ताठ उभा राहिला आणि शाळेतल्या मुलाने निकाल सांगावा तसा म्हणाला, "पूर्ण नऊ डाव."

तिला काहीच कळलं नाही. तिने पासपोर्ट मागितला, आणि मी चष्मा पुसायच्या निमित्ताने दुसरीकडे वळलो.