फुकटचा उंट

बीडला कर्मचाऱ्यांच्या क्रीडा स्पर्धा होत्या. नेकनूरच्या आमच्या शाळेतून बुद्धिबळासाठी माझं नाव गेलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिलाच डाव एसटीच्या एका कंडक्टरशी पडला. पन्नाशीचे, मूळचे दिंद्रुडचे. ड्युटीवरून खाकी कपड्यांतच आलेले.

पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे होत्या. वडिलांनी शिकवलं तसं मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, मग त्याच्या शेजारचं. त्यांनी राजापुढचं प्यादं सरळ माझ्या तोंडी दिलं. चुकले बिचारे, असं वाटून मी ते मारलं. मग त्यांचा घोडा माझ्या हद्दीत आला, उंटानं शह दिला, तो मी घोड्यानं अडवला, मग त्यांचा वजीर त्यांच्याच राजासमोर येऊन थांबला. उंटाला हुसकायला मी कडेचं प्यादं एक घर सरकवलं, तर त्यांनी उंट तसाच ठेवून घोड्यानं माझं प्यादं मारलं. "उंट मरतोय तुमचा," असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि उंट मारला.

त्यांनी घोडा माझ्या राजाजवळ ठेवला. "झालं, मॅडम."

काय झालं? शह होता खरा, पण घोडा माझ्या प्याद्याच्या टप्प्यात होता. मी तो प्याद्यानं मारला.

"ते प्यादं हलत न्हाई."

"कावून?"

पंच आले. "प्यादं हललं की मागून वजिराचा शह बसतो," म्हणत त्यांनी पटावर सरळ बोट फिरवलं. राजाला सरकायला घर नव्हतं. सगळी माझ्याच सोंगट्यांनी अडवलेली. एक उंट जास्त असून मी हरले होते.

चहा घेताना मी विचारलं, ही कुठली खेळी. "बुडापेस्ट म्हणतेत ह्या सुरुवातीला," ते म्हणाले. "मोबाईलवर शिकलो. वजिरापुढचं प्यादं निघालं की आपण अंगावर जायचं."

महिनाभर घरी पट मांडला. प्यादं मारलं तिथं चुकलं, का उंट मारला तिथं? रोज उत्तर वेगळं यायचं.

एकदा नेकनूरच्या गाडीवर तेच निघाले. तिकीट घेता घेता मी विचारलं, "मी उंट मारलाच नसता तर?"

सुटे पैसे देत ते म्हणाले, "खरं सांगू? तितं माझंबी डोकं चालत न्हाई. आजवर समदे मारतेतच."

पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडली. काळ्या सोंगट्या माझ्याकडे, बुडापेस्ट तोंडपाठ. त्यांनी राजापुढचं प्यादं सरकवलं. त्यावर काय खेळायचं, हे मी शिकलेच नव्हते. डाव बरोबरीत सुटला. कसा, ते मला अजून सांगता येत नाही.