मूठ आणि सॅल्यूट

हेमचंद्र सबनीसांनी सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा ओळखीच्यांनी नाकं मुरडली. इतक्या लांब? खिडकीसमोर खाडी आणि खाडीपलीकडे दुसरा देश! सबनीस मात्र त्यावरच खूश. बँकेतला माणूस, पण पुण्यात असताना नोकरी सांभाळून आठ वर्षं हौसेने प्रादेशिक सेनेत गेलेला. सीमेवर राहायला मिळालं, आणखी काय हवं?

दर सव्वीस जानेवारीला ते जुनी लष्करी टोपी चढवत आणि टीव्हीवर दिल्लीत झेंडा फडकला की कडक सॅल्यूट ठोकत. लेक ऋचा इथल्या पोरांच्या बोलीत खिदळायची. "बाबा, टीव्हीला दिसत नाही लाह!"

२००७ साली इथल्या नागरिकत्वाचं पत्र आलं. सबनीसांनीच मागितलेलं. सिव्हिल डिफेन्सचे स्वयंसेवक होऊन त्यांना पुन्हा गणवेश घालायचा होता. पण समारंभात उजवी मूठ छातीवर धरून प्रतिज्ञा म्हणायची होती. आरशासमोर सराव सुरू झाला आणि हात दर वेळी थेट कपाळाला!

"अहो, चारचौघांत हसं होईल हं," नीता म्हणाली.

हशाची फिकीर कुणाला होती? हात ऐकत नाही, म्हणजे आपलं मनच नाही का यात? मग जुना पासपोर्ट परत कशाला करायचा? आणि मन नसेल, तर अर्ज करताना एवढा आनंद का झाला होता? सबनीसांचं डोकं चालेना.

प्रत्यक्ष समारंभात मूठ बिनबोभाट छातीवर बसली. सबनीसांचा जीव भांड्यात पडला. मग दर रविवारी गणवेश, हजेरी, मूठ, प्रतिज्ञा. सबनीस अगदी रमले.

पुढची सव्वीस जानेवारी शनिवारी आली. टोपी चढली, टीव्ही लागला. झेंडा फडकला तसे सबनीस ताडकन उभे राहिले. ऋचा हसायच्या तयारीत होती, पण हसली नाही.

"बाबा, युअर हँड..."

त्यांनी खाली पाहिलं. मूठ छातीवर होती.

सबनीसांनी घाईने हात कपाळाकडे नेला, पण तोही आता खोटा वाटला. अर्ध्यावरूनच खाली आला. भयंकर लाज वाटली, आणि कुणाची ते कळेना. टीव्हीवर राष्ट्रगीत सुरू होतं. ते संपेपर्यंत हात कुठे ठेवावा, हे काही त्यांना सुचलं नाही.